आबांच्या राजाची अडीच घरं

कराड, आणि जिथे जायचं नव्हतं ते कडेगाव

कराडच्या स्टँडवर मी चहा प्यायला उतरलो आणि परत चढलो तो आटपाडीच्या गाडीत.

यात सगळाच दोष माझा नाही, असं मी घरी सांगून पाहिलं आहे. दोन्ही गाड्या एकाच रंगाच्या, एकमेकींना खेटून उभ्या. दोन्हींच्या टपावर कसल्या तरी पाट्या. मी चढलो तर माझ्या खिडकीशेजारच्या जागेवर भरघोस मिशांचा एक गृहस्थ बसलेला. मी जरा करड्या आवाजात म्हणालो, "ही जागा माझी आहे." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, उठला आणि पलीकडे सरकून बसला. मला बरं वाटलं. आयुष्यात माझं इतक्या चटकन कुणी ऐकत नाही.

ओगलेवाडी मागे पडल्यावर कंडक्टर आला. मी ऐटीत साताऱ्याहून काढलेलं सांगलीचं तिकीट पुढे केलं. कंडक्टरने तिकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग मिशावाल्याकडे पाहिलं.

मिशावाला म्हणाला, "पावनं, जागा तुमचीच हाय. पर गाडी आमची हाय. ही आटपाडीला जातीया."

सगळी गाडी हसली. हा मनुष्य पलटणीतून निवृत्त होऊन आटपाडीला शेती करत होता. माझी तगमग बघून त्याने मला तंबाखू देऊ केली, मी खात नाही म्हटल्यावर स्वतः खाल्ली, आणि विचारलं, "सांगलीला काय लगीन हाय?"

"नाही. बुद्धिबळाची स्पर्धा आहे."

"आन् सामान कुठं हाय तुमचं?"

तेव्हा मला पिशवी आठवली. ती सांगलीच्या गाडीत माझ्या खऱ्या जागेवर बसून सांगलीला निघाली होती. तिच्यात दोन सदरे, सासऱ्यांसाठी साताऱ्याचे कंदी पेढे, आणि लायब्ररीतून आणलेलं बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या चालींचं इंग्रजी पुस्तक. मी हे सांगितल्यावर मिशावाला बराच वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "डोक्याचा खेळ असतुय न्हवं त्यो?"

मी कडेगावला उतरलो.

आता मी सांगलीला का निघालो होतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्या अमेरिकन आणि रशियन गड्यांची जगज्जेतेपदाची लढत पेपरात रोज छापून यायला लागली, आणि बुद्धिबळाची साथ पटकीसारखी पसरली. आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत पट मांडले जाऊ लागले. त्यात मी बरा ठरलो, कारण बाकीच्यांना उंट तिरका चालतो हेही नवीन होतं. मला खेळ शिकवला माझ्या सासऱ्यांनी. सांगलीचे आबा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी अंगठी दिली नाही, पट मांडला. तेव्हापासून दर दिवाळीला आम्ही खेळतो आणि दर दिवाळीला मी हरतो.

पण हा खेळ देशी. देशी पद्धतीत प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं, आणि राजाला साऱ्या डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. एकदा त्याला शह बसला की उडीचा हक्क गेला. स्पर्धेतल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ही उडी मुळीच नाही. तिथे राजा आणि हत्ती मिळून किल्लेकोट करतात, आणि राजा जन्मभर एकेका घराने चालतो. सरकारी नोकरासारखा.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई गेल्या. तेव्हापासून आबांनी घराचा उंबरा ओलांडणं सोडलं होतं. घाटावर जाणं बंद, देवळात जाणं बंद, पट माळ्यावर. आणि या दिवाळीच्या आधी माझ्या मेहुण्याचं, वसंताचं, कार्ड आलं: आबांनी स्वतः जाऊन स्पर्धेत नाव घातलं आहे, माळ्यावरचा पट खाली काढून नवे नियम पाठ करत बसतात, तुम्हीही या. मी लगेच रजा टाकली. कुसुमला, म्हणजे आमच्या हिला, मुलांच्या परीक्षेमुळे निघता येईना. पिशवी भरताना तिने मला एवढंच सांगितलं, "तुम्ही हरा नाही तर जिंका, मला काही नाही. आबा घराबाहेर पडलेत. तेवढे पडलेले राहू देत."

कुंडल

कडेगावहून उसाच्या एका ट्रकने मला कुंडलपर्यंत नेलं. ड्रायव्हरशेजारी आधीच दोघं होते, त्यामुळे माझा एक पाय गिअरच्या इकडे आणि एक तिकडे. गिअर बदलायचा झाला की ड्रायव्हर म्हणायचा, "मास्तर, पाय." मी मास्तर नाही, पाटबंधारे खात्यात कारकून आहे, पण पाय उचलायचो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर आणि काकवीचा वास. आमच्या साताऱ्याकडे मान वर केल्याशिवाय काही दिसत नाही, सगळीकडे डोंगर. इथे बघावं तिकडे सपाट. मोकळ्यावर माणसाला शांत वाटतं म्हणतात. मला तसलं काही वाटेना. डोंगर नसला की आपण किती उशिरा पोहोचणार आहोत ते लांबूनच दिसतं.

कुंडलला सांगलीची गाडी यायला वेळ होता. चहाच्या टपरीवर चारपाच तालमीतली मंडळी बसली होती. कुंडल म्हणजे कुस्तीचं गाव. स्पर्धेला निघालोय म्हटल्यावर त्यांनी माझ्या मानेकडे, दंडाकडे आणि शेवटी पोटाकडे पाहिलं. त्यातला थोराड दिसणारा म्हणाला, "किती किलोत खेळता?"

मी बुद्धिबळ म्हटलं.

"बसूनच खेळायचं व्हय?"

"हो."

"आन् किती येळ चालतं?"

"चार-पाच तास."

ते ऐकून त्याने दुसऱ्याकडे वळून म्हटलं, "गड्या, चार तास एका जाग्यावर बसून ऱ्हायाचं. लय अवघड हाय." मग मला त्याने एक खरा प्रश्न विचारला. "हरला तर लोकांत तोंड दाखवायला कसं हुतं?"

मी म्हटलं, हरतोच की नेहमी, सवय आहे. तो हसला नाही. म्हणाला, "तसं न्हाई. आमच्यात हरल्याचं कुणाला काय वाटत न्हाई. पर पुढच्यानं मुद्दाम पाठ टेकली, सोडल्याली कुस्ती जिंकली, तर पैलवान गावात फिरत न्हाई मग."

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.

सांगली

संध्याकाळी सांगलीच्या स्टँडवर वसंता हातात माझी पिशवी धरून उभा होता. दुपारच्या गाडीने पिशवी आली आणि जावई आला नाही, तेव्हा तो कंट्रोलरच्या खिडकीवर भांडून आला होता. घरी आबा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "पेढे वेळेवर आले."

ते खूप वाळले होते. पण डोळ्यांत पूर्वीची खोडी होती, आणि मांडीवर नव्या नियमांची पत्रिका. जेवताना त्यांनी मला किल्लेकोटाचे नियम विचारले. मी अडखळलो तर त्यांनीच सांगितले, आणि मग भाकरीचा तुकडा राजा आणि वांग्याचा देठ हत्ती करून ताटातच करून दाखवला. वहिनी, म्हणजे वसंताची बायको, हळूच मला म्हणाली, "वर्षाने ताटावर इतका वेळ बसलेत."

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. बाके जोडून पट मांडलेले, प्रत्येक पटाशेजारी दोन तोंडांचं घड्याळ. त्या घड्याळाने माझा जीव घेतला. आपली चाल असली की आपलं तोंड टिकटिकतं. मला घरी सुद्धा कुणी माझ्या खोळंब्याचा हिशोब इतका स्वच्छ दाखवत नाही. चाल करायची, कळ दाबायची, उठायचं, माठातलं पाणी प्यायचं, दुसऱ्यांचे पट बघत फिरायचं, परत यायचं, तर आपली वेळ कधीच सुरू झालेली. एका फेरीत तर मी फिरता फिरता भलत्याच पटासमोर जाऊन बसलो. तिथली परिस्थिती माझ्यापेक्षा चांगली होती, त्यामुळे उठायला जिवावर आलं.

पुस्तकातली एकच सुरुवात मला पाठ होती. राजापुढचं प्यादं दोन घरं, घोडा बाहेर, उंट बाहेर, अशा पहिल्या सहा चाली मी अगदी जगज्जेत्यासारख्या खेळायचो. सातवीपासून मी एकटा. दोन फेऱ्या हरलो. तिसऱ्या फेरीत माझा प्रतिस्पर्धी आलाच नाही आणि मला आयता गुण मिळाला. त्याचीही गाडी कराडला चुकली असावी.

आबांचंही तसंच, पण त्यांचा एक गुण खरा होता. बँकेतले दामले म्हणून त्यांचे एक जुने खेळगडी आहेत. त्यांनी आबांना सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "आबा, नव्या नियमांना नजर वेगळी लागते. ती या वयात येत नाही. तुम्ही आपले घाटावर खेळा." आबा तेव्हापासून प्रत्येक चालीआधी ओठातल्या ओठात नियम पुटपुटायचे आणि मग सोंगटीला हात लावायचे. मीही तसंच करायचो. दोघांनाही भीती एकच, हात जुन्या वळणावर जाईल.

चौथ्या फेरीच्या जोड्या फळ्यावर लागल्या. एक गुण असलेल्यांत आम्ही दोघं. आबांसमोर मी.

सासरा विरुद्ध जावई म्हटल्यावर आमच्या पटाभोवती पहिल्या पटापेक्षा जास्त गर्दी. दामलेही आले. आबांनी पांढरी घेतली, राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. मी माझ्या सहा चाली खेळलो. आबांचाही घोडा, उंट बाहेर. आणि मग काय झालं कोण जाणे, पण मला एकदम आराम वाटला. स्पर्धेत पहिल्यांदा मी खुर्चीवर बसून राहिलो. समोर आबा, त्यांचं तेच डोकं खाजवणं, तोच उजवा गुडघा हलवणं. हॉल विसरलो. दिवाळीच्या दुपारी फराळानंतर बसावं तसं वाटलं. आबांचंही पुटपुटणं थांबलेलं मी पाहिलं, आणि त्यांनाही बरं वाटतंय असं समजून मला आणखी बरं वाटलं.

आबांनी घोड्यापुढचं प्यादं एक घर सारलं आणि पुढच्या चालीला राजा त्याच्या मागच्या घरात नेऊन ठेवला. मग हत्ती राजाच्या जागेवर आणला. राजा कोपऱ्यात छान झाकला गेला. माझा राजा मधेच होता. मीही माझ्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सारलं. ती चाल बघून गर्दीत कुजबुज झाली. दामले कुणाला तरी म्हणाले, "यात काहीतरी खोल दिसतंय." मी चेहरा गंभीर केला.

मग आबांनी मधली प्यादी फोडली, हत्तीची रेघ उघडली आणि मला शह दिला. मी कपाळावर हात मारला. नंतरचा डाव सांगण्यात अर्थ नाही. मी हरलो, दोघांनी निकालावर सह्या केल्या, आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सासूबाई गेल्यापासून त्यांना मी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं.

डाव संपल्यावर तो पुन्हा मांडून चाळायचा अशी पद्धत आहे. कुठे चुकलं, कुठे साधलं, त्यावर चहा होतो. आबा आनंदाने चाळायला लागले. प्यादं, घोडा, उंट, प्यादं, आणि राजा.

"आबा," दामले म्हणाले, "हा राजा इथून इथे कसा गेला?"

आबा म्हणाले, "कसा म्हणजे?" आणि थांबले. त्यांनी राजा परत मूळ घरात ठेवला. एक बोट त्या घरावर टेकलं, मग पुढच्या, मग तिरकं. अडीच घरं. घोड्याची उडी राजाने मारली होती, आणि ती बघायला निम्मी सांगली उभी असून कुणाला दिसली नव्हती. प्याद्यामागच्या त्या घरात राजा इतका शोभून दिसत होता की किल्लेकोट कधी झाला हे कुणी विचारलंच नाही.

आबा उठले आणि पंचांकडे गेले. पंच म्हणाले, निकालावर दोघांच्या सह्या झाल्या आहेत, तक्रार डाव चालू असताना करायची असते.

"मग माझी तक्रार माझ्याविरुद्ध लिहून घ्या."

"तशी सोय नाही, आबा."

आबा माझ्याकडे वळले. "तुम्हाला दिसलं होतं."

आता माझं एक आहे. मी गोंधळलो की हसतो. लग्नात हसलो होतो, वरिष्ठ झापत असताना हसतो. तसाच तेव्हा हसलो. आणि सगळ्यांनी त्या हसण्याचा अर्थ लावला. दामल्यांनी माझा हात हातात घेतला. "वा. जावई असावा तर असा. दिसूनसुद्धा बोलले नाहीत." आणखी दोघातिघांनी मान डोलावली. स्पर्धेत माझं झालेलं ते पहिलं कौतुक. मी ते नाकारलं नाही. क्षणभरच, पण नाही नाकारलं.

आबा म्हणाले, "जावईबापू, ओवाळणी घरात घालायची असते. इथे नाही." आणि निघून गेले. टोपी टेबलावरच राहिली.

घाट

मी टोपी घेऊन त्यांच्या मागे निघालो तोवर ते दिसेनासे झाले होते. घरी गेलो. वहिनी म्हणाली, आले होते, पट माळ्यावर टाकला, उद्याच्या फेरीला येत नाही असा निरोप पंचांना द्या म्हणाले, आणि गेले. "पुन्हा पटाला हात लावणार नाही म्हणत होते. काय झालं हो?"

काय सांगणार? मी परत बाहेर पडलो. गणपतीच्या देवळात पाहिलं, मंडपात दोनदा फिरलो. बाजारपेठेत हळदीच्या वासाने शिंका काढत हिंडलो. सांगलीची हळद रस्त्यावरसुद्धा माणसाला सोडत नाही, सदरा झटकला तर पिवळा धूर निघावा. एका ओळखीच्या दुकानदाराने हाक मारून भडंग पुढे केलं. सांगलीत हे एक आहे. साताऱ्यात कुणी घाईत दिसला तर लोक वाट देतात, सांगलीत आधी खायला देतात. तिखट भडंगाचा बकाणा भरून मी आयर्विन पुलावर गेलो, खाली कृष्णा संथ वाहत होती. माझ्या डोक्यात कुंडलचा तो पैलवान. सोडलेली कुस्ती जिंकली तर माणूस गावात फिरत नाही. कुसुमचं बोलणंही डोक्यात. घराबाहेर पडलेत, तेवढे पडलेले राहू देत. आणि मी काय केलं? हसलो.

आबा घाटावर सापडले. पिंपळाच्या पारावर म्हातारी मंडळी कापडी पट अंथरून देशी खेळत बसली होती, आणि आबा त्यांच्यापासून जरा लांब, पायरीवर. मी टोपी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

पारावर कुणीतरी म्हणालं, "हां, घ्या, आमचा राजा उडाला." दुसरा म्हणाला, "उडू दे, कुठवर उडतोय बघतो."

आबा म्हणाले, "ऐकलंत? इथे चालतं. दामले म्हणाला ते बरोबर होतं. आमची नजर इथलीच. पण ते जाऊ दे. चूक झाली असती, तुम्ही पंचांना बोलावलं असतंत, मी राजा एक घर सारून पुढे खेळलो असतो. हरलो असतो. त्याचं काय? तुम्ही माझी कीव केलीत. त्या म्हाताऱ्याला एवढं तरी जिंकू दे, बायको गेलीय त्याची. हेच ना?"

"आबा, मला दिसलंच नाही."

"आता खोटंही बोला."

"खरंच नाही दिसलं. तुम्ही उडी मारलीत तेव्हा मला वाटलं, आबांनी उडी लवकर वापरली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला कळेना की मूर्खपणा सिद्ध कसा करायचा. जन्मभर मी तो लपवायच्या खटपटीत होतो, उलटा सराव नाही. मग एकदम सुचलं.

"आबा, मी घोड्यापुढचं प्यादं एक घर सारलं. ते कशाला सारलं असेल?"

आबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डोळे मिटले. डाव त्यांना आत दिसत असतो. "तेच मला कळलं नव्हतं," ते म्हणाले. "उंट तर तुमचा दुसरीकडे होता. ते प्यादं फुकट गेलं. दामल्याला त्यात खोल काहीतरी दिसलं होतं."

"माझ्या राजाला उडी मारायला घर करत होतो. तुम्ही केलंत तसंच. पुढच्या चालीला मारणार होतो."

"आणि?"

"आणि तुम्ही हत्तीने शह दिलात. उडी गेली."

"म्हणून कपाळावर हात मारलात?"

"म्हणून. डाव चाळायला बसेपर्यंत तेच वाईट वाटत होतं, की एक चाल आधी का नाही उडालो."

आबांनी डोळे उघडले नाहीत. पुन्हा एकदा सगळा डाव पहिल्यापासून चालवत असावेत. हाताची बोटं गुडघ्यावर हलत होती. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडताहेत, आणि मी घाबरलो. पण ते हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे.

"म्हणजे शह बसला नसता तर तुम्हीही उडाला असता."

"मजेत."

"आणि तो पंच शेजारी उभा."

"तोही काही बोलला नसता, आबा. त्यालाही छान वाटलं असतं."

"तुम्हाला हा खेळ शिकवला कोणी?"

"तुम्हीच."

"मग ठीक आहे," आबा म्हणाले. "शिकवण पक्की आहे." थोड्या वेळाने हात पुढे करून म्हणाले, "द्या ती टोपी."

परतताना बाजारात त्यांनी स्वतः थांबून भडंग घेतलं. दामले समोरून आले तर त्यांना भर रस्त्यात थांबवून सांगितलं, "हे काही उदार वगैरे नाहीत हो. यांना दिसलंच नव्हतं. हेही उडणार होते." दामले माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले. त्यांचा विश्वास बसला नाही, हे मला दिसलं. पण ते प्यादं त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. खोल काहीतरी दिसलं म्हणणारे तेच होते ना.

शेवटच्या फेरीत आबांसमोर मिरजेचा एक तरुण इंजिनिअर होता. माझा डाव तासाभरात आटोपला, म्हणजे मी आटोपलो, आणि मग मी आबांच्या पटाशी उभा राहिलो. पाण्याला गेलो नाही, फिरलो नाही. आबांचे ओठ पुन्हा हलत होते. वेळ आली तेव्हा त्यांनी आधी राजा उचलला, हत्तीच्या दिशेने दोन घरं नेला, मग हत्ती त्याच्या पलीकडे ठेवला, कळ दाबली, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मिरजेच्या इंजिनिअरला कळलं नाही की एका किल्लेकोटात एवढं बघण्यासारखं काय आहे.

आबा हरले. उशिरापर्यंत लढून हरले. मग डाव चाळताना त्यांनी त्या इंजिनिअरशी असा वाद घातला की पंचांनी दिवे घालवायची धमकी दिली. घरी येऊन वहिनीकडे दुसरी भाकरी मागितली, वसंताला माळ्यावरून पट काढायला लावला, आणि माझं लायब्ररीचं पुस्तक उशाशी ठेवून घेतलं. मी म्हटलं, ते परत द्यायचं आहे. आबा म्हणाले, "दंड भरा. तुम्हाला याचा उपयोग नाही."

सातारा

येताना मी कराडला चहा प्यायलो नाही. गाडीतून उतरलोच नाही.

घरी मुलं झोपायला गेल्यावर कुसुमला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आटपाडीची गाडी, मिशावाला, कुंडल, घड्याळ. तिथपर्यंत ती हसत होती. मग आबांची उडी सांगितली, दामले काय म्हणाले ते सांगितलं, घाट सांगितला, ते प्यादं सांगितलं. हळूहळू तिचं हसणं थांबलं. हातातलं काम तसंच राहिलं.

"आबा जेवले?"

"दोन भाकऱ्या. आणि रोज सकाळी घाटावर जाणार म्हणालेत."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आता मला तरी खरं सांगा. तुम्हाला दिसलं होतं ना?"

मी म्हटलं, अगं, नाही दिसलं. ते प्यादं मी उडीसाठीच सारलं होतं. वाटी, चमचा आणि डाळीचे दाणे मांडून तिला राजाचं घर, घोड्याचं घर, हत्तीची रेघ दाखवायला लागलो. तिला बुद्धिबळ येत नाही. बापाने जावयाला शिकवलं, मुलीला शिकवलं नव्हतं. ती त्या दाण्यांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे असं पाहिल्याचं मला आठवत नाही.

"बरं, नका सांगू," ती म्हणाली. "पण एवढं चांगलं खोटं इतक्या वर्षांत एकदा तरी माझ्यासाठी बोलायचं होतंत."